क्रोमवर टिकेल असा काळा

नाही हो भाऊ, ते सोलून निघणारं रबर मला नकोच — तिसऱ्यांदा तेच दाखवताय तुम्ही. डबा खाली ठेवा आधी. ठेवा. कळलं मला — फवाऱ्याने मारायचं, पाच-सहा हात द्यायचे, वाळलं की रबरासारखं होतं, आणि उद्या मन बदललं तर नखाने टोक उचकटायचं की केळ्याच्या सालीसारखं सगळं निघून येतं, खाली क्रोम जसाच्या तसा. हेच ना? अहो, हाच तर त्याचा दोष! तुम्ही गुण म्हणून सांगताय तो दोष आहे. तुमची बाकीची गिऱ्हाइकं येत असतील, हौस म्हणून काळं करायचं, हौस फिटली की परत चकचकीत — त्यांचं त्यांना लखलाभ. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, मला कसली आलीय गाडी काळी करायची हौस? मला असा काळा पाहिजे की परवा सकाळी दहा वाजता कारखान्याच्या फाटकात चार माणसं नखं लावून बसली तरी निघता कामा नये.

आणि ती चिकट फिल्म — गरम हवा मारून ताणून बसवतात ती — तीही नको. सपाट पट्टीवर दिसते छान, नाही म्हणत नाही मी, पण ही पुढची जाळी बघा, किती कंगोरे, आणि बंपरचं हे वळण — दोन उन्हाळे गेले की कोपऱ्यातून उचलते आणि मग लोंबत बसते. पावडर कोटिंग? ते भट्टीत घालावं लागतं ना? ही दाराची हँडलं जस्ताच्या ओतकामाची आहेत, भट्टीत गेली की आतली हवा फुगते आणि अंगभर फोड. तुम्ही केलंय कधी? केलंय? आणि आले होते ना फोड? मग! राहिला साधा रंग, तो न घासता मारलात तर पालथ्या घड्यावर पाणी. क्रोम कुणालाच धरून ठेवत नाही, स्वभावच त्याचा तो. म्हणजे रस्ता एकच उरला, आणि तो तुम्हालाही माहितीये, फक्त तोंडातून काढवत नाहीये — ओला पॉलिश पेपर घ्यायचा, चमक मरेपर्यंत घासायचं, मग पकड धरणारा प्रायमर, मग काळा, मग वरून पारदर्शक क्लिअर, तोही मंद चमकीचा. तेच करायचंय. आज आणि उद्या, दोन दिवस आहेत तुमच्याकडे.

असे बघताय काय? बाईला यातलं काय कळतं — आलं ना मनात? आलं, आलं, चेहऱ्यावर उमटलं. बत्तीस वर्षं क्रोमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसलेय मी. क्रोम चढवायच्या टाकीतून तुकडे निघायचे, धुऊन-सुकवून माझ्यासमोर यायचे, आणि मी ट्यूबलाइटखाली असे तिरके धरून बघायचे — हं, असे — पास, पास, नापास, पास. तुम्ही ज्याला क्रोम म्हणता ना, तो वरचा थर केसाहूनही बारीक असतो, खाली निकेल, त्याखाली तांबं. जोर लावून घासलंत तर पिवळट झाक दिसायला लागेल, ते निकेल, घाबरून जाऊ नका, त्यावरही प्रायमर धरतो. हे तुम्हाला तुमच्या गुरूने सांगितलं होतं का? नाही ना? मग मावशी म्हणा, काकू म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण मला समजावू नका.

हो, हो, दिसतंय मला तुम्ही काय बघताय ते. मघापासून त्या दाराच्या पट्टीवरून बोट फिरवताय. असं काम हल्ली बघायला मिळत नाही — बोला की, लाजता काय? तेवीस तुकडे आहेत — दोन बंपर, जाळी, दिव्यांच्या कड्या, खिडक्यांच्या चौकटी, हँडलं, आरशाच्या वाट्या, पट्ट्या — तेवीसच्या तेवीस आमच्या ह्यांच्या हातचे. ही गाडी भंगारातच निघाली होती, तेरा वर्षांपूर्वी. बंपरला एवढाला गंज, बोट घातलं तर पलीकडून निघायचं. ह्यांनी एकेक तुकडा काढला, घरी परसात बसून घासला, आणि सुट्टीच्या दिवशी, मालकांची परवानगी घेऊन हो, चोरून नाही, टाकीत सोडला. वर्ष गेलं त्यात. आणि प्रत्येक तुकडा आधी माझ्यापुढे — "बघ, आहे का काही?" घरातसुद्धा तपासणी! मी चष्मा लावून बघायचे, आणि नसायचंच काही. बारा वर्षं झाली, ऊन-पाऊस खाल्ला हिने, तुम्ही भिंग घेऊन शोधा — टाचणीच्या टोकाएवढा खड्डा सापडणार नाही. आम्ही पिटिंग म्हणायचो त्याला. एकही नाही. हे गेल्याला आता दोन वर्षं झाली. फुप्फुसाचं होतं.

नको, ते "अरेरे" नको. मी तेवढ्यासाठी नाही सांगितलं. आणि "आठवण म्हणून तरी तशीच ठेवा" हेही नको, ते माझा लेक दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्याला काय जातं म्हणायला? त्यालाच तर मालकांनी पुढे केलंय. कारखान्याला पन्नास वर्षं झाली, परवा मोठा समारंभ आहे — मांडव काय, खुर्च्या काय, बाहेरचे पाहुणे काय — आणि फाटकातून आत शिरताच, चौथऱ्यावर, ही गाडी! बाजूला फलक — आमच्या हातची चमक, बारा वर्षांत एक डाग नाही. आणि ह्यांचा फोटो. हयात असताना कुणी फोटो काढला नाही त्यांचा, आता शोधायला आले घरी. मी म्हटलं, नेते मी गाडी. माझी मीच घेऊन येते. सगळे खूश! धाकटे मालक स्वतः फोनवर म्हणाले, वहिनी, तुम्ही आहात म्हणून कारखाना आहे. म्हटलं, असू दे, असू दे. मनात म्हटलं, आणतेच गाडी, थांब तू.

आता मला सांगा — तुम्ही ते रबर मारून दिलंत आणि मी गाडी चौथऱ्यावर चढवली, तर काय होईल? आधी सगळे आ वासतील. मग कुणीतरी शहाणा पुढे येईल, बोटाने टोक चाचपेल, आणि पाहुणे यायच्या आत पाच मिनिटांत सगळी साल सोलून बाजूला टाकतील. गाडी पुन्हा चकचकीत, आणि मी वेडी. बाईला दुःखाने भ्रम झालाय म्हणतील, खुर्ची देतील, सरबत देतील, गप्प बसवतील. म्हणून म्हणतेय, घासायचं. परत फिरता आलंच नाही पाहिजे — त्यांनाही नाही आणि मलाही नाही. हो, मलाही. मी स्वतःला ओळखून आहे. उद्या दुपारपर्यंत माझाच जीव खालीवर व्हायला लागेल.

का करतेय? विचारलंत! बघा, तुम्ही विचारलंत. हेच हवंय मला परवा. कुणीतरी सगळ्यांसमोर विचारायला पाहिजे — वहिनी, हे काय करून ठेवलंत? न विचारता बोललं ना भाऊ, की म्हणतात बाई रडतेय. विचारल्यावर बोललं की त्याला उत्तर म्हणतात. गाडी अशी काळीठिक्कर दिसली की त्यांना विचारावंच लागेल, झाकपाक करायला जागाच नाही, आणि मग मी तिथेच, पाहुण्यांसमोर, माझ्या लेकासमोर सांगणार.

लेकासाठीच चाललंय हे. परवा स्टेजवर त्याचं नाव पुकारणार आहेत — वडिलांच्या टाकीचा मुख्य माणूस म्हणून. बापाची गादी लेकाला! कसं कौतुकाचं वाटतं ना ऐकायला? सहा महिने झाले त्याला टाकीवर. गेल्या महिन्यात त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर रक्ताचे ठिपके. नाकातून. विचारलं तर म्हणाला, उष्णता गं आई. उष्णता! ह्यांचंही उष्णतेनेच सुरू झालं होतं. आधी नाकातून रक्त, मग खपल्या, मग नाकाच्या मधल्या पडद्याला भोक. तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या कारखान्यात त्याची फुशारकी होती. नवीन माणूस टाकीवर आला की जुने लोक त्याला जेवणाच्या सुट्टीत बसवून घ्यायचे, आणि त्यातला एखादा खिशातून दोरा काढायचा, एका नाकपुडीत घालायचा आणि दुसरीतून ओढून काढायचा. आरपार! टाळ्या पडायच्या. ज्याचा दोरा आरपार गेला तो पक्का गडी. ह्यांचा दोरा सातव्या वर्षी गेला. घरी येऊन मला करून दाखवला. आणि मी — काय केलं असेल मी? हसले. दोन्ही हात तोंडावर घेऊन, पोट दुखेपर्यंत हसले. त्यांना वास यायचा बंद झाला होता, भाजी करपली तरी कळायचं नाही, त्यावरही आम्ही हसायचो. म्हणायचे, बरंय, तुझ्या हातचं काहीही खपतं. विनोदी होते हो फार.

मास्क? मास्कचं काय विचारताय, उन्हाळ्यात त्या वाफेवर मास्क लावून आठ तास तुम्ही उभे राहून दाखवा. त्यावर उपाय आला होता की. पंधरा वर्षांपूर्वी कुणी तपासायला आलं आणि सक्तीच झाली — टाकीत एक औषध ओतायचं. ओतलं की वर असा जाड फेस धरतो, साबणाच्या पाण्यावर धरतो तसा, आणि खालच्या तेजाबाचा विषारी फवारा फेसातच अडकतो, वर हवेत येतच नाही. साधं, सोपं. तीन महिन्यांना एक डबा, टाकीवरच्या माणसाने स्टोअरमधून सही करून न्यायचा आणि ओतायचा. मालकांनी डबे आणले बरं का, ते नाही म्हणता येणार नाही. खोटं कशाला बोलू? डबे वेळेवर यायचे.

मग अडलं कुठे? सांगते ना. त्या फेसाने तुकड्यांवर पिट पडायला लागले. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे, दहा माणसांतल्या नऊ जणांना दिसणारसुद्धा नाहीत. मला दिसायचे. पहिल्या महिन्यात एका पाळीत चाळीस तुकडे नापास केले मी ह्यांच्या टाकीचे! नवरा म्हणून सोडलं नाही. कारखानाभर चर्चा — बाई नवऱ्यालाही सोडत नाही! मान काय ताठ झाली होती माझी, काय सांगू. नाकाने कांदे सोलत होते मी नुसते. आणि दोन महिन्यांत पिट बंद झाले. एकदम बंद. पुन्हा पूर्वीसारखे आरसे यायला लागले टाकीतून. मला वाटलं, हात बसला ह्यांचा. वाटलं, माझ्या टेबलाचा धाक आहे. कौतुकही केलं मी घरी, गोडाचं करून घातलं.

ते गेल्यावर परसातली खोली आवरायला काढली. ताडपत्रीखाली डबे. सत्तेचाळीस. सगळे सीलबंद. सही करून घ्यायचे, आधी पिशवीत, पुढे ह्याच गाडीत टाकून घरी आणायचे आणि लपवून ठेवायचे. पहिला डबा सोडला तर एकही ओतला नाही. फेस नाही तर पिट नाही, आणि पिट नाही तर माझ्या टेबलावर नापास नाही. तेरा वर्षं तो फवारा नाकातोंडात घेतला माणसाने — का, तर बायकोने तुकडा परत पाठवू नये. म्हणून म्हणते, हे जे तुम्ही बोट फिरवून बघताय ना, एवढं स्वच्छ, एवढं सुरेख — ह्यात एक जरी खड्डा असता, एक, तर ते आज इथे उभे राहून तुमच्याशी रंगाच्या गप्पा मारत असते.

आता लेकही तेच करतोय. मी विचारलं ना त्याला — ओततोस का रे डबा? तर म्हणतो, ओतला की तुकडे नापास होतात, आई. आणि नापास कोण करतंय माहितीये? माझ्या टेबलावर आता कॅमेरा बसवलाय. मी सोडल्यावर. त्याला शिकवायला म्हणे मी पास केलेले जुने तुकडे वापरले, हजारो. मी घरी बसलेय आणि माझेच डोळे तिथे टांगलेत, माझ्याच लेकाचे तुकडे परत पाठवताहेत! तुम्हाला हसू येतंय? येऊ दे. मलाही आलं होतं आधी.

तर परवा मी सगळ्यांना सांगणार — पिट पडले तर पडू देत! गाडी चालायची थांबते का? हँडल धरता येत नाही का? कोण बघतं भिंग लावून? आम्हीच बघत बसलो. डबे ओता, फेस धरू दे, खड्डेवाले तुकडे बाजारात जाऊ देत, आणि चालत नसतील तर हे असे काळे करून विका, लोकांना आवडतात हल्ली, तुमच्याकडे रांग लागतेच की. आणि लेकाला सांगणार, त्या स्टेजवर चढलास तर मी खालून ओरडेन, माझी लाज काढलीस म्हण, काही म्हण, पण तू ते पद घ्यायचं नाहीस — निदान डबा ओतल्याशिवाय टाकीजवळ पाऊल टाकायचं नाहीस. तो ऐकेल? नाही ऐकणार. बापावर गेलाय, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. पण सगळ्यांसमोर सांगितलं की मालकांना तरी ऐकू येईल. ते सत्तेचाळीस डबेही नेणार आहे मी, मागे डिकीत आहेत, उघडू नका.

काय म्हणालात? तुम्हाला कुठे माहीत होतं? हो. मला कुठे माहीत होतं. डबे सापडेपर्यंत मला कुठे माहीत होतं — असंच सांगणार आहे मी परवा. असंच सांगायचं ठरवलंय.

शर्ट कोण धुवायचं, भाऊ? मीच ना. टाकीचं पाणी लाल-केशरी असतं, त्याचे शिंतोडे उडाले की कापडावर पिवळे डाग पडतात. फेस ओतला त्या पहिल्या दोन महिन्यांत शर्ट स्वच्छ यायचे. बादलीतलं पाणी नितळ. मी म्हटलंही होतं, बाई गं, साबण वाचला. आणि मग पिट बंद झाले त्याच आठवड्यात पाणी पुन्हा पिवळं व्हायला लागलं. त्याच आठवड्यात. पिटचा आठवडा पाठ असणाऱ्या बाईला बादलीतलं पाणी दिसलं नाही, असं कसं होईल? दिसत होतं. तेरा वर्षं दर रविवारी मी ते पिवळं पाणी मोरीत ओतत होते. एकदाही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा ओतला असता, पिटवाले तुकडे पुन्हा माझ्यापुढे आले असते, आणि ते पास करायचे तर बाई नवऱ्यालासुद्धा सोडत नाही हा मान — जाऊ दे. हे मी तुम्हाला का सांगितलं कळत नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नाही, आता परवा हेही सांगावं लागणार. सांगेन. मालकांकडे बोट दाखवायचं आणि आपला हात पदराआड ठेवायचा, तसलं मला जमायचं नाही. लेक बोलायचा बंद झाला तरी चालेल. जिवंत राहून अबोला धरू दे.

हा फोन त्याचाच. थांबा, दोन मिनिटं — बोल रे. हो, गाडी बाहेर काढलीये. नाही, धुवायला आणलीये. नाही, तू येऊ नकोस, कशाला, मी आहे ना. जेवलास? नाक कसंय? बरं, बरं, नाही विचारत. ठेव.

ऐकलंत ना? आता तासाभरात इथे हजर होईल तो, त्याला माझा आवाज ओळखू येतो. म्हणून आता बोलणं पुरे. कुठला कागद घेताय? चारशेचा? द्या इकडे. तुम्ही नाही, पहिला तुकडा मी घासणार. ही ड्रायव्हरच्या दाराची पट्टी. ही त्यांनी तीनदा केली होती, पहिल्या दोन त्यांनाच आवडल्या नव्हत्या. सरका बाजूला. सावली येते तुमची. चष्मा लावते, थांबा.

गेला. बघा, एका हातात गेला. इतका पातळ असतो तो. झालं आता, लेक आला तरी काही करू शकत नाही. बावीस तुमचे, मोजून घ्या, हँडलं खोलून घ्या, काचांना नीट कागद लावा. आणि असे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहू नका, मी ठीक आहे. पाणी आणा. — अहो हे काय, पेला कशाला आणलात? प्यायला नाही हो. घासायला. बादलीभर आणा, आणि लागा कामाला.